पाच लाख वेळा उघडबंद केलेला नळ जड पाण्यात किती टिकतो?

नळाच्या खोक्यावर "5 लाख सायकल टेस्टेड" असं छापलेलं असतं आणि ते वाचून आपण धरून चालतो की आता या नळाकडे पुन्हा बघायला नको. मग घरात जड पाणी, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी, असेल तर काही वर्षांतच हँडल घट्ट फिरायला लागतं, तोंडाशी पांढरा थर येतो, धार फाटून बाजूला उडते आणि बंद केला तरी टपटप चालूच राहते. कंपनीने खोटं छापलं का? बहुतेक वेळा नाही, तो नळ खरोखर तितक्या वेळा उघडबंद केलेला असतो. पण जड पाण्यात नळ ज्या कारणाने खराब होतो ते कारण त्या टेस्टमध्ये जवळपास नसतंच, आणि ही गोष्ट एकदा कळली की नळ कसा निवडायचा, कसा वापरायचा आणि टेस्टचा रिपोर्ट कसा वाचायचा हे सगळंच बदलतं.

आधी त्या आकड्याचं बघू. युरोपात एका हँडलच्या मिक्सर नळासाठी, म्हणजे गरम आणि थंड पाणी मिसळणाऱ्या नळासाठी, ईएन 817 नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात हँडलची टेस्ट 70,000 सायकलची असते. अमेरिका आणि कॅनडात एएसएमई ए112.18.1 आहे, तिथे किचन आणि बेसिनच्या नळाला 5,00,000 सायकल लागतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून दुसरा नळ सातपट चांगला असं म्हणता येत नाही हं, कारण "एक सायकल" म्हणजे नक्की किती हालचाल ते दोन्हीकडे वेगळं ठरवलेलं आहे. तरी अंदाजासाठी धरा की घरात एक नळ दिवसातून 50 वेळा उघडला जातो, म्हणजे वर्षाला 18,250 वेळा, तर 70,000 व्हायला पावणेचार वर्षांच्या थोडं वर लागतील आणि 5 लाख व्हायला 27 वर्षं. लॅबमध्ये काय होतं, तर मशिनचा हात हँडलला जोडतात आणि तो रात्रंदिवस फिरत राहतो. एका सायकलला 10 सेकंद धरले तर 5 लाख सायकल 58 दिवसांत उरकतात. म्हणजे 27 वर्षांचा वापर दोन महिन्यांत.

झीज बघायची असेल तर हे ठीकच आहे. रबर किती घासलं, हँडलचा दांडा तुटतो का, स्क्रू ढिला होतो का हे यातून चांगलं कळतं. पण क्षाराचा थर हालचालीने बसत नाही, तो बसतो नळ बंद असताना, पाणी आत थांबलेलं असताना, थेंब सुकत असताना, आणि त्या 58 दिवसांत नळाला सुकायला वेळ मिळालेलाच नसतो. शिवाय सतत हलणाऱ्या भागावर थोडं काही बसलं तरी पुढच्याच फेरीत ते पुसलं जातं. घरात मात्र रात्री 8 तास नळ नुसता उभा असतो. गेस्ट बाथरूमचा नळ तर आठवडा आठवडा कोणी उघडत नाही, आणि म्हणूनच जड पाण्यात कमी वापरलेला नळ जास्त वापरलेल्या नळाच्या आधी अडकलेला दिसतो. सायकलच्या हिशोबाने हे उलटं वाटतं पण क्षाराच्या हिशोबाने अगदी बरोबर आहे.

हा थर म्हणजे नक्की काय? पाऊस पडताना आणि जमिनीतून झिरपताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळतो, पाणी किंचित आम्ल होतं, आणि असं पाणी चुनखडीसारख्या खडकातून गेलं की त्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेट बनून विरघळून येतो. विरघळलेला असतो म्हणून पाणी स्वच्छच दिसतं. आता हे पाणी गरम झालं किंवा उघड्या हवेत आलं की तो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेलं बायकार्बोनेट परत कॅल्शियम कार्बोनेट होऊन घट्ट चिकटतं. बहुतेक गोष्टी गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेट मात्र गरम पाण्यात कमी विरघळतो, त्यामुळे गीझरकडून येणारी बाजू नेहमी आधी भरते. पाण्यात कॅल्शियम सल्फेट किंवा क्लोराइड असेल तर तोही हार्डनेसच, म्हणजे पाण्याचा जडपणाच, पण तो नुसत्या उकळण्याने खाली बसत नाही, म्हणून जुन्या पुस्तकांत एकाला तात्पुरता आणि दुसऱ्याला कायमचा म्हणतात. नळाला जास्त त्रास त्या तात्पुरत्याचाच होतो.

हार्डनेस मोजतात मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, सगळं कॅल्शियम कार्बोनेट आहे असं धरून. 60 पर्यंत मऊ, 61 ते 120 मध्यम, 121 ते 180 जड, त्याच्या वर खूप जड अशी एक विभागणी बरीच वापरली जाते. आता 300 चं पाणी घ्या आणि नळ सेकंदाला एक थेंब गळतोय असं धरा. थेंब साधारण 0.05 मिलिलिटरचा, दिवसाचे 86,400 थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर पाणी आणि त्यातून जवळपास 1.3 ग्रॅम क्षार रोज नळाच्या तोंडावरून जातात. सगळे काही तिथे बसत नाहीत, बरेचसे बेसिनमध्ये उतरतात, पण त्यातला थोडा भाग जरी रोज चिकटला तरी महिन्याभरात काय होईल ते दिसतंच. म्हणून गळणारा नळ जड पाण्यात तसाच ठेवू नये, गळतीमुळे थर वाढतो आणि थरामुळे गळती वाढते.

इथे एक घोळ नेहमी होतो तो सांगतो. जड पाणी आणि खारं पाणी एकच नाही. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतो, म्हणजे साधं मीठ असलं तरी आकडा वर जातो, त्यामुळे टीडीएस 800 आला म्हणजे हार्डनेसही तेवढाच असं अजिबात नाही. सॉफ्टनर लावला तर तो कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, हार्डनेस जवळपास शून्य होतो आणि टीडीएस होता तिथेच राहतो, मग लोक म्हणतात सॉफ्टनर चालतच नाही. हार्डनेस बघायचा तर हार्डनेसचीच पट्टी किंवा थेंबांचं किट घ्यावं लागतं. किटमध्ये पाण्याला आधी वाईनसारखा लाल रंग येतो, मग ईडीटीए नावाच्या रसायनाचे थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं आणि थेंबांवरून हार्डनेस काढायचा. लॅबमध्येही मूळ पद्धत हीच, फक्त जास्त काटेकोर.

आता नळाच्या आत येऊ. जुन्या पद्धतीच्या नळात खाली रबरी वायसर असतो, तो चार पाच फेऱ्यांत पितळी सीटवर दाबला जातो. सीटच्या काठावर क्षाराचा कण बसला की वायसर तिथे नीट टेकत नाही, थेंब येतो, मग माणूस अजून जोरात आवळतो, वायसरवर खाच पडते आणि पुढच्या वेळी अजून जोर लागतो. लॅबचं मशिन मात्र ठरवलेल्या जोरानेच आवळतं, थेंब दिसला म्हणून त्याचा हात घट्ट होत नाही, आणि हा फरक मला मोठा वाटतो कारण घरात नळ पाण्याइतकाच हाताने खराब होतो.

नव्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. चकत्या ॲल्युमिनाच्या असतात आणि इतक्या सपाट घासलेल्या असतात की मधून पाणी जात नाही, तिथे रबर लागतच नाही. कडकपणाच्या मोह स्केलवर ॲल्युमिना 9 ला आणि कॅल्साइट, म्हणजे तो पांढरा क्षार, 3 ला. त्यामुळे क्षाराने चकतीवर ओरखडे पडतात हे जे सांगितलं जातं ते काही पटण्यासारखं नाही. वाळूचा क्वार्ट्झ 7 ला आहे, तोही ॲल्युमिनापेक्षा मऊच, पण वाळूचा कण मध्ये अडकून चकतीची कड उडवू शकतो आणि सपाट बसणं बिघडवू शकतो, म्हणून जोडणीच्या आधी पाइप धुऊन घेणं आणि जाळी लावणं हे दोन्ही करावं. क्षाराचं नुकसान वेगळ्या वाटेने होतं. चकत्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर असतो, तो हळूहळू धुतला जातो, चकत्यांच्या भोवती आणि हँडलच्या दांड्याजवळ क्षार जमतो, हँडल घट्ट होतं, मग माणूस जोर लावतो आणि तो जोर येतो काट्रिजच्या, म्हणजे या चकत्या ज्या डबीत बसवलेल्या असतात तिच्या, प्लास्टिकच्या भागावर आणि खालच्या रबरी सीलवर. चकती शाबूत आणि काट्रिज गेलं, असं दिसतं ते यामुळे.

सगळ्यात आधी बिघडते ती तोंडाची जाळी, म्हणजे एरेटर. कारण सरळ आहे, एरेटरचं कामच पाण्यात हवा मिसळणं आहे, हवा मिसळली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वरून जाळीत थोडं पाणी अडकून राहतं आणि ते सुकतं, म्हणजे थर बसायला जे जे लागतं ते सगळं एका जागी. सिलिकॉनच्या मऊ तोंडाचे एरेटर मिळतात, ते बोटाने चोळले की क्षार तुटून पडतो. जड पाण्याच्या घरात हा एक बदल सगळ्यात आधी करावा असं मी सांगेन.

मग जड पाण्यासाठी टेस्ट करायची तर कशी? पहिला प्रश्न पाण्याचा. नुसतं कॅल्शियम क्लोराइड टाकून हार्डनेस 400 केला तर मीटरवर आकडा येतो पण थर बसत नाही, कारण बायकार्बोनेटच नाही. म्हणून कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम सल्फेट आणि सोडियम बायकार्बोनेट असं तिन्ही मापात मिसळतात. वॉशिंग मशिन, डिशवॉशर अशा घरगुती उपकरणांच्या टेस्टसाठी पाणी कसं बनवायचं याचं आयईसी 60734 हे स्टँडर्डच आहे आणि त्यात ही क्षारांची पद्धत दिलेली आहे. दुसरी अडचण अशी की हे पाणी टाकीत ठेवून तेच तेच फिरवलं तर क्षार टाकीत, पाइपात, हीटरवर बसत जातो आणि नळापर्यंत येणारं पाणी दिवसेंदिवस मऊ होत जातं. टेस्ट संपल्यावर रिपोर्टमध्ये 400 लिहिलेलं असतं आणि नळाने प्रत्यक्षात शेवटचे काही आठवडे त्यापेक्षा बरंच कमी हार्डनेसचं पाणी बघितलेलं असतं. म्हणून हार्डनेस टाकीत मोजून चालत नाही, नळाच्या तोंडाशी मोजावा लागतो, रोज, आणि पाणी बदलत राहावं लागतं.

दुसरा प्रश्न घाईचा. दहा वर्षांचा थर दोन महिन्यांत हवा असेल तर काय कराल, हार्डनेस चौपट करा, पाणी अजून गरम करा, पंखा लावून थेंब लवकर सुकवा. थोड्या मर्यादेपर्यंत हे चालतं. पण पाण्यात क्षार फारच जास्त झाले की ते धातूवर चिकटण्याच्या आधी पाण्यातच दाणे होऊन खाली पडतात, भुकटीसारखे, आणि ती भुकटी पुढच्या धारेत वाहून जाते. घरातला थर घट्ट असतो कारण तो हळू वाढलेला असतो. शिवाय तापमान वाढवलं किंवा मॅग्नेशियम जास्त असलं की कॅल्साइटच्या ऐवजी अ‍ॅरागोनाइट तयार होतो, रसायन तेच पण स्फटिक सुईसारखे, त्यांचं चिकटणं वेगळं. म्हणजे टेस्ट कडक करायला जावं तर भलतीच टेस्ट होऊन बसते. माझ्या मते हार्डनेस खऱ्या घरात सापडेल इतकाच ठेवावा आणि घाई करायची ती सुकण्याच्या वेळेत, थोडा वेळ नळ चालवा, मग बंद ठेवून सुकू द्या, परत चालवा, अशा ओल्या आणि कोरड्या फेऱ्या, आणि मधून मधून रात्रीसारखी लांब सुट्टी. सुट्टीनंतर हँडल पहिल्यांदा हलवायला किती जोर लागला हा आकडा मला अख्ख्या रिपोर्टमधला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या तिसऱ्या फेरीत थर तुटलेला असतो आणि हँडल परत मऊ लागतं, त्यामुळे फक्त सरासरी बघितली तर सगळं छान दिसतं.

मोजायचं काय काय, तर हँडलला लागणारा जोर, मिनिटाला किती पाणी येतं, बंद केल्यावर किती थेंब, आणि मिक्सर असेल तर गरम आणि थंडच्या मधली जागा अजून नीट सापडते का. गळती जास्त दाबालाही बघायची आणि कमी दाबालाही, कारण काही सील पाण्याच्या दाबानेच घट्ट बसतात, जास्त दाबाला पास होतात आणि टाकी जेमतेम वर असलेल्या घरात गळतात. आणि एक गोष्ट सोडून चालणार नाही, त्याच मॉडेलचे नळ त्याच मशिनवर मऊ पाण्यातही चालवायचे, कारण दोन्हीकडे वायसर सारखाच गेला तर तो पाण्याचा दोष नव्हे, रबराचा. दोन्हींमधला फरक म्हणजे जड पाण्याचा परिणाम. आणि दोन्हीकडे एकेक नळ लावून काहीच कळत नाही, एकाच खोक्यातले दोन नळसुद्धा वेगवेगळ्या वेळी जातात, त्यामुळे दोन्हीकडे पाच सहा तरी हवेत.

रिपोर्टमध्ये सॉल्ट स्प्रे नावाची अजून एक टेस्ट असते, 35 अंशांवर 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, इतके तास. ती क्रोमच्या खाली गंज धरतो का ते सांगते, चांगली टेस्ट आहे, पण क्षाराच्या थराबद्दल ती काहीही सांगत नाही. विक्रेता जड पाण्याच्या प्रश्नावर सॉल्ट स्प्रेचे तास दाखवत असेल तर ते उत्तर नाही. पितळाचंही तसंच, पितळातला जस्त निघून जाऊन धातू आतून पोकळ होतो त्याची वेगळी टेस्ट आहे, आयएसओ 6509, त्यात तुकडा 75 अंशांच्या 1 टक्का कॉपर क्लोराइडमध्ये 24 तास ठेवतात, मग कापून मायक्रोस्कोपखाली बघतात की किती खोलवर गेलं. आणि गंमत अशी की या बाबतीत जड पाणी बऱ्याचदा बरं असतं, बायकार्बोनेट असलं की धातूला थोडं संरक्षण मिळतं, त्रास होतो तो क्लोराइड जास्त आणि बायकार्बोनेट कमी असलेल्या पाण्यात.

क्रोमचं मात्र जपायला हवं आणि तिथे पाण्यापेक्षा आपणच जास्त नुकसान करतो. चकचकीत क्रोमचा थर मायक्रॉनच्या काही दशांश इतकाच असतो, खाली निकेलचा जाड थर. डाग जात नाहीत म्हणून टॉयलेट क्लीनर लावला तर त्यातलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्षार काढतं आणि क्रोमही खातं, एकदा निकेल उघडं पडलं की पिवळट दिसायला लागतं आणि ते परत होत नाही. व्हिनेगर किंवा पातळ सायट्रिक अ‍ॅसिड कपड्यावर घेऊन थोडा वेळ गुंडाळून ठेवायचं, मऊ ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, कोरडं पुसायचं. रात्रभर ठेवू नका. यातलं कुठलंही अ‍ॅसिड ब्लीचबरोबर मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो धोक्याचा आहे. व्हिनेगरने अजिबात न हलणारा पांढरा डाग असेल तर तो बहुतेक सिलिकाचा असतो, त्यावर असं अ‍ॅसिड चालत नाही, उगाच जास्त कडक अ‍ॅसिडकडे जाऊ नका.

घरी स्वतः करता येईल अशी टेस्ट हवी असेल तर नळ पूर्ण उघडून एक लिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा, नवीन नळ लावल्या दिवशी आणि मग दर महिन्याला. सेकंद वाढले की एरेटर काढून परत मोजा. एरेटर काढल्यावर वेळ कमी झाला तर क्षार तिथेच आहे, व्हिनेगरमध्ये बुडवून काम होईल. एरेटर काढूनही वेळ तितकाच लागत असेल तर अडथळा मागे आहे, काट्रिजमध्ये किंवा खालच्या अँगल कॉकच्या जाळीत. गरम आणि थंड वेगळं वेगळं मोजलंत तर अजून कळतं, फक्त गरम बाजू हळू झाली असेल तर नळ बदलण्याआधी गीझर उघडून बघा.

आणि विकत घेताना सायकलचा आकडा विचाराच, पण लगेच पुढचं विचारा की टेस्टचं पाणी किती हार्डनेसचं होतं, गरम होतं का, मध्ये नळ सुकू दिला होता का. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळणार नाही. मग बघायचं ते इतकंच, काट्रिज वेगळं मिळतं का आणि कुठल्या मापाचं, कारण 35 आणि 40 मिलिमीटर ही नेहमीची मापं आहेत आणि ती असली तर दहा वर्षांनीही काहीतरी बसणारं मिळण्याची शक्यता बरीच असते, एरेटर हाताने किंवा साध्या किल्लीने निघतो का, आणि हँडलखालचा स्क्रू उघडता येतो की सगळं दाबून कायमचं बसवलेलं आहे. जड पाण्यात काट्रिज बदलावं लागणारच आहे, कुठल्याही कंपनीचा नळ घ्या, त्यामुळे पाच मिनिटांत उघडणारा 70,000 सायकलचा नळ मी न उघडणाऱ्या 5 लाखवाल्याच्या आधी घेईन.